मावशीचं नाक

कंपनीत लागून मला नववा दिवस होता आणि मी लाइनवर उभ्याउभ्या कोसळले.

पडल्याचं मला आठवत नाही. त्याआधीचं आठवतं. हातात पिवळी वायर होती, ती समोरच्या बोर्डावरच्या खाचेत बसवायची होती, आणि ती खाच एकाएकी लांब लांब जायला लागली. कानात कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतो तसा आवाज सुरू झाला. मग काहीच नाही. आणि मग एकदम नाकातून थेट डोक्यात कुणीतरी खिळा ठोकला.

मी डोळे उघडले. वर एक मोठा, गोल, घामानं चमकणारा चेहरा होता. कपाळावर हिरवं गोंदण, केसांवर कॅन्टीनची जाळीची टोपी. आणि माझ्या नाकाला चिकटलेला, बुक्कीनं फोडलेला एक कांदा.

"आली! आली गं बया!" तो चेहरा ओरडला. "म्या म्हन्लं व्हतं का न्हाई? माझ्या कांद्याम्होरं कुनी दोन मिंटं टिकत न्हाई!"

आजूबाजूला लाइनवरच्या वीस-पंचवीस मुली गोल करून उभ्या होत्या. त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. एकीच्या हातात डोकेदुखीच्या बामची डबी होती. एकीनं मेंटेनन्समधून थिनरचं फडकं पळवून आणलं होतं. आणि आमच्या सुपरवायझरनं एका पायातला सेफ्टी शू काढून हातात धरला होता. कॅन्टीनच्या या मावशीला यायला आणखी अर्धं मिनिट उशीर झाला असता तर मी तो शू हुंगून उठले असते, हे मला मागाहून कळलं. मावशीबद्दलचा माझा आदर तिथूनच सुरू झाला.

"सकाळी काय खाल्लंस?" मावशीनं विचारलं.

"काही नाही."

"आन् तवापस्नं उबी हाईस? अकरा वाजलं की! यडी का काय गं तू?"

तिनं मला दंडाला धरून कॅन्टीनमध्ये नेलं, पोह्यांनी भरलेली ताटली समोर ठेवली आणि ती संपेपर्यंत कमरेवर हात ठेवून पुढ्यात उभी राहिली.

मी धाराशिव जिल्ह्यातून आले होते. भाऊ भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला, तो आणि वहिनी दिघीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते, आणि त्यांच्यात मी. चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या वायरिंगचं काम मिळालं तेव्हा मला इतका आनंद झाला होता की पहिले आठ दिवस भूकच लागली नाही. गळ्यात माझा फोटो असलेलं कार्ड, अंगात निळा एप्रन. पहाटे साडेपाचला बस यायची आणि मी पाचलाच जाऊन उभी राहायची. वहिनी म्हणायची, चहा-पोळी खाऊन जा. मी म्हणायची, बस चुकेल. नवव्या दिवशी जे व्हायचं ते झालं.

मावशी कॅन्टीनमध्ये कांदा चिरायची. म्हणजे भाजी, आमटी, पोहे सगळ्यात तिचा हात होता, पण कांद्याची पोती तिच्या एकटीची. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं भरभक्कम, कंपनीच्या भिंतीला लागूनच असलेल्या जुन्या गावातली. त्यांची जमीन आता कंपन्यांखाली होती. घरात कमी काही नव्हतं, मुलाचा विटा-वाळूचा धंदा होता, पण घरी बसून माझी हाडं दुखतात असं म्हणून ती कामाला यायची. उन्हाळ्यात आमच्या लाइनवर महिन्यातून एखादी तरी मुलगी पडायची. "पडली! पडली!" असा आवाज उठला की कॅन्टीनचं दार धाडकन उघडायचं, आणि मुठीत कांदा घेतलेली मावशी अशी काही धावत यायची की फोर्कलिफ्टवालेसुद्धा ब्रेक मारून तिला वाट द्यायचे. कांदा कापून चालायचा नाही. तो बुक्कीनंच फोडला पाहिजे, सुरीनं त्याचा दम जातो, असं ती सांगायची.

मी घरी हे सगळं सांगितलं तेव्हा वहिनी पोट धरून हसली. आईला गावाकडं फोन लावला तर ती म्हणाली, "कांदा बी ठीकच हाय. पर आमच्याकडं मास्तरांच्या घरी बाटली असायची. कल्हईवाल्याकडचा नवसागर अन् पानाचा चुना. दोन्ही तळहातावर चोळून नाकाला लावलं की मेलेला माणूस बी शिंकला असता बघ." मला हे इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी पळत जाऊन मावशीला सांगितलं. ती कांदा चिरता चिरता थांबली, विचार केला, आणि म्हणाली, "चुना हाय आपल्याकडं. नवसागर कुटं मिळंल गं?"

तो मिळाला नाही हे बरंच झालं.

मार्चमध्ये कंपनीत सेफ्टी वीक आला. पोस्टर, घोषणा, स्पर्धा, आणि शेवटच्या दिवशी मॉक ड्रिल. उन्हानं बेशुद्ध पडलेल्या कामगाराला स्ट्रेचरवरून ॲम्ब्युलन्सपर्यंत किती वेळात नेता येतं ते बघायचं होतं. बेशुद्ध कामगार म्हणून सेफ्टी ऑफिसरनी मला निवडलं.

"मीच का सर?"

"तू आधी पडलेली आहेस. तुला अनुभव आहे."

मी हुरळून गेले. आदल्या दिवशी घरी आरशासमोर चार वेळा पडून बघितलं. सूचना तीनच होत्या: डोळे उघडायचे नाहीत, हलायचं नाही, हसायचं नाही. मुख्य ऑफिसातून एक मोठे साहेब येणार होते, आणि बाहेरून आलेले एक फर्स्ट एड ट्रेनर हातात स्टॉपवॉच घेऊन उभे राहणार होते.

ठरल्या वेळी मी कॉम्प्रेसर रूमच्या बाहेर नीट पाहून, स्वच्छ जागी पडले. सायरन झाला. बूट धावत आले. कुणीतरी माझ्या खांद्यावर थापटून "ऐकू येतंय का?" असं पाठ केल्यासारखं विचारलं. सगळं छान चाललं होतं. आणि मग लांबून एक ओळखीचा धपधप आवाज ऐकू आला.

ड्रिल असल्याचं सगळ्या कंपनीला सांगितलं होतं. कॅन्टीनला सांगायचं राहिलं होतं.

"व्हा बाजूला! व्हा म्हन्ते ना!" मावशीनं स्ट्रेचरवाल्यांना कोपरानं उडवलं. "अगं ही तर तीच! परत उपाशी आली जनू!" आणि कांदा आला. मी श्वास कोंडून धरला. डोळे गच्च मिटले होते तरी कडेनं पाणी गळायला लागलं. पोटात हसू उसळत होतं ते मी दातांनी धरून ठेवलं. मावशीनं गालावर दोन चापट्या मारल्या. "उट की गं! एकानं न्हाई भागत हिचं, दुसरा आना रं!" दुसरा आला. तो तिनं माझ्या नाकाशीच फोडला.

मी इतकी जोरात शिंकले की उठून बसले.

मुली किंचाळल्या. मोठे साहेब खो खो हसत सुटले. मावशीनं दोन्ही हात वर केले, एका हातात कांद्याची अर्धी फोड, आणि पैलवानानं आखाड्यात बघावं तसं चौफेर बघितलं. तेव्हा कुठं तिला समोरचा बॅनर, स्टॉपवॉच, फोटो काढणारा माणूस असं एकेक दिसायला लागलं.

ट्रेनर सर रागावले नाहीत. पण त्यांनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "आत्ता जे झालं तेच आपण करायचं नसतं." मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. साधी चक्कर आलेला माणूस आडवा झाला की रक्त परत डोक्याकडं येतं आणि तो आपोआप उठतो. आपण कांदा धरला काय, चप्पल धरली काय, श्रेय त्याला मिळतं. उग्र वासानं माणूस एकदम मान झटकतो, आणि मानेला मार लागलेला असेल तर ते महागात पडतं. त्याला उलटी होऊ शकते. आणि खरं कारण वेगळंच असेल तर वास हुंगवण्यात वेळ जातो तो जातोच. एवढं बोलून त्यांनी आमची फर्स्ट एडची पेटी उघडली. तिच्यात कापडी जाळीत गुंडाळलेली, चिमटीत फोडून बेशुद्ध माणसाला हुंगवायची अमोनियाची छोटी नळी होती, कधीकाळी कुणीतरी घेतलेली. ती त्यांनी सर्वांना दाखवली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

गर्दीच्या मागं मावशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि आवाज न करता कॅन्टीनकडं निघून गेली.

मी तिच्यामागं गेले. ती पाटावर बसून कांदे सोलत होती.

"मंग आजपत्तूर इतक्या पोरी उठल्या त्या काय माझ्या कांद्यानं न्हाई उठल्या?" तिनं वर न बघता विचारलं.

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण नुकतंच काहीतरी नवीन कळलं होतं आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवेना. "नाही मावशी. त्या आडव्या झाल्या म्हणून उठल्या."

"बरं बाई," ती म्हणाली.

त्यानंतर दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही. ताटात भाजी वाढायची, पण माझ्या डोक्यावरून पलीकडं बघत.

त्याच ट्रेनर सरांच्या फर्स्ट एड कोर्ससाठी आमच्या लाइनवरून माझं नाव गेलं. चार दिवसांचा कोर्स, शेवटी परीक्षा, आणि पास झालं की एप्रनवर लावायला हिरवा बिल्ला. मला शाळेत कधी काही मिळालं नव्हतं. मी रोज घरी आले की भावाला फरशीवर झोपवून कुशीवर कसं वळवायचं त्याचा सराव करायची. तो म्हणायचा, "अगं मी आत्ता ड्यूटीवरून आलोय, जेवू तरी दे." मी म्हणायची, "बेशुद्ध माणूस बोलत नसतो." बिल्ला मिळाला त्या दिवशी मी तो घरीसुद्धा काढला नाही.

मे महिना होता. जेवणाची सुट्टी संपून थोडाच वेळ झाला होता. डिस्पॅचकडून एकजण धावत आला. "मॅडम, चला लवकर, फोर्कलिफ्टवाला पडलाय!" मला मॅडम कुणी म्हणायची ती पहिलीच वेळ. मी पेटी उचलली आणि पळाले.

तो फोर्कलिफ्टवाला जालन्याकडचा, पस्तिशीतला, सगळ्यांशी हसून बोलणारा. बिल्ला लागल्यापासून मला रोज "काय डॉक्टरीणबाई" म्हणून हाक मारायचा. त्या आठवड्यात मात्र तो उतरलेला दिसत होता. बाटलीमागून बाटली पाणी पीत होता. त्या दुपारी त्यानं फोर्कलिफ्ट तिरकीच उभी केली, उतरला, आणि पॅलेटच्या थप्पीमागं जाऊन बसला, तो बसल्या जागीच कलंडला.

मी गुडघ्यावर बसले. हाक मारली, खांद्यावर थापटलं. फक्त एक हुंकार. आम्ही त्याला उताणं झोपवलं, पट्टा सैल केला, पाय वर घेतले, गर्दी मागं सारली. सगळं शिकवल्याप्रमाणं. आता हा डोळे उघडेल, मी मनात म्हणत होते. लाइनवरच्या मुली एवढ्या वेळात उठायच्या. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. तो उठत नव्हता, आणि त्याचा श्वास विचित्र चालला होता. खोल, जोरात, जणू कुठूनतरी धावत आलाय. मी त्याला कुशीवर वळवलं.

डिस्पॅचचे सुपरवायझर खाली वाकले आणि लगेच मागं झाले. "पिऊन आलाय राव हा. तोंडाचा वास बघा. गेटवर नेऊन बसवा आणि घरी फोन करा."

वास येत होता हे खरं. पण मला तो कशाचा ते कळेना. काहीतरी गोडसर, डोक्यात चढणारं. दारू असेल, नसेल. मी काही बोलायच्या आत दोघांनी त्याच्या काखेत हात घातले.

तोवर सवयीनं कुणीतरी कॅन्टीनकडं ओरडलं होतं. मावशी आली. मुठीत कांदा होताच. पण मला बघून ती दोन पावलांवर थांबली. दोन महिन्यांनी पहिल्यांदाच तिनं सरळ माझ्याकडं बघितलं.

"धरू का?" तिनं विचारलं.

मला रडूच येणार होतं. "नको मावशी. पण बघा तरी, हा उठेना."

ती वाकली. तिची भुवई हलली. हातातला कांदा तिनं लांब फेकून दिला, हात पदराला पुसला आणि नाकापुढं वारा घालून कांद्याचा वास घालवला. मग त्याच्या तोंडाशी नाक नेलं. एकदा वास घेतला. थांबली. पुन्हा घेतला.

"ह्ये दारू न्हाई."

"मावशी, तुम्हाला काय कळतंय त्यातलं," सुपरवायझर म्हणाले.

"मला?" मावशी ताडकन उभी राहिली. "माझा बाप प्याचा, दोन दीर पित्यात, आन् तू मला दारूचा वास शिकवतोस व्हय? ह्यो साखरंचा वास हाय. साखर वाढली की तोंडाला असाच पिकल्या फळावानी, नखाला लावायच्या रंगावानी वास येतो. ह्येला गेटवर बसवू नका. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. गाडी आना! बगताय काय?"

त्या आवाजानं सगळे एकदम हलले. मी त्याच्या कार्डावरचा घरचा नंबर लावला. बायकोनं उचलला. मी विचारलं, "ताई, यांना शुगर आहे का?" ती म्हणाली, "आहे की. रोज इंजेक्शन घेतात. पण तीन दिवस अंगात ताप होता, जेवण जात नव्हतं, म्हणून म्हणाले, खातच नाही तर इंजेक्शन कशाला. का हो? काय झालं?" मी फोन तसाच धरून ओरडले, "शुगर आहे! इंजेक्शन बंद केलंय!" सुपरवायझरांचा चेहरा पांढरा पडला. पण त्यांनी एक शब्द वाया घालवला नाही. ॲम्ब्युलन्सच्या पुढं एक कंटेनर आडवा लावलेला होता आणि त्याचा ड्रायव्हर जेवायला गेला होता. सुपरवायझर स्वतः त्याच्या केबिनमध्ये चढले आणि कंटेनर मागं घेतला. फोर्कलिफ्टवाला आत गेला, मी आत गेले, आणि दार लागायच्या आत टोपी-एप्रनसकट मावशीही चढली.

चाकण-तळेगाव रस्ता कुणाला सांगायला नको. सायरन वाजत होता आणि पुढं ट्रकच्या मागं ट्रक मुंगीच्या पावलानं चालले होते. मी त्याला कुशीवर धरून श्वास मोजत होते. मावशी खिडकीतून अर्धी बाहेर.

"ए टँकरवाल्या! सरक की रं! मानूस हाय आत, बटाटं न्हाईत!"

टँकर सरकला. एक कंपनी बस सरकली. मग सगळंच थांबलं. ड्रायव्हरनं स्टिअरिंगवर हात आपटला. मावशीनं बाहेर बघितलं आणि एकदम त्याचा खांदा हलवला.

"डावीकडं घे! त्या पांढऱ्या भिंतीच्या कडंनं. आमची गाडीवाट हाय ती, थेट चाकनला निगती."

"अहो मावशी, तिथून ॲम्ब्युलन्स जाईल का?"

"खताची बैलगाडी जायाची. तुजी लई मोटी हाय व्हय?"

त्यानं घेतली. दोन कंपन्यांच्या भिंतींमधून, दोन्ही आरसे मिटवून, खड्ड्यांतून आदळत, कुणाच्यातरी शेवग्याच्या फांद्या टपावर घासत आम्ही गेलो. एका ठिकाणी म्हैस बांधलेली होती. मावशीनं तिच्या मालकाला नावानं हाक मारली आणि त्या माणसानं काही न विचारता म्हैस सोडून बाजूला ओढली. शेवटचं वळण घेतलं आणि समोर चाकणची बाजारपेठ, आणि चार दुकानं सोडून हॉस्पिटल. मी आनंदानं किंचाळले. मला अजून माहीत नव्हतं की हा वाचणार आहे की नाही, पण किंचाळले.

हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टरबाई होत्या. मी धडाधड सांगत सुटले: कधी पडला, श्वास कसा, शुगर आहे, तीन दिवस इंजेक्शन नाही, तोंडाला वास आहे. त्या हाताखाली काम करत होत्या आणि ऐकत होत्या. वासाचं ऐकल्यावर त्यांनी वर बघितलं. "वास कुणी ओळखला?"

मी मावशीकडं बोट दाखवलं.

सिस्टरनं त्याच्या बोटाचं रक्त घेऊन यंत्रात घातलं. आकडा आलाच नाही. साखर यंत्राच्या मापाबाहेर गेली की ते नुसतं इंग्रजीत 'हाय' एवढंच दाखवतं.

"काय म्हनतंय मशिन?" मावशीनं मला विचारलं.

"हाय म्हणतंय, मावशी."

"आसनारच. म्या मगाधरनं तेच सांगतीय, हाय म्हनून!"

डॉक्टरबाई सुई लावता लावता फिसकन हसल्या.

मग आम्हाला बाहेर बसवलं. आम्ही बाकावर शेजारीशेजारी बसलो. मी मावशीचा हात धरला. तेव्हा तिनं आपल्या मालकांबद्दल सांगितलं. त्यांनाही साखरेची इंजेक्शनं होती. कुणीतरी पाल्याचा रस दिला आणि त्यांनी इंजेक्शन सोडलं. एक दिवस वाड्यापुढच्या चौथऱ्यावर गुंगीत पडले, तोंडाला वास. गावातल्यांना वाटलं, प्याला आज. चुलत्यानं कांदा हुंगवला, दुसऱ्यानं चप्पल, मग खाटेवर टाकून म्हणाले, झोपू द्या, उतरंल. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. तिथल्या डॉक्टरनं तिला त्या वासाचा अर्थ सांगितला.

"त्यो वास नाकातनं कदी ग्येलाच न्हाई बग," ती म्हणाली. "पंधरा वर्सं झाली. आज म्या वाकली आन् वाटलं, आमचं मालकच हाईत."

मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला आणि थोड्या वेळानं म्हणाली, "तू त्येला बरोबर निजवलं व्हतंस. कुशीवर. उलटी जाली आसती तर नरड्यात ग्येली न्हाई आसती. म्या बगितलं."

दोन महिन्यांचा अबोला तिथं संपला.

फोर्कलिफ्टवाल्याची बायको आली, सुपरवायझर आले, शिफ्ट सुटल्यावर डिस्पॅचची निम्मी माणसं आली. ऊन उतरायला लागलं तेव्हा डॉक्टरबाई बाहेर आल्या. "डोळे उघडलेत. पाणी मागतोय. वेळेत आणलंत." कॉरिडॉरमध्ये एकच कल्ला झाला. सुपरवायझरांनी मावशीच्या पायांनाच हात लावला. ती मागं सरकली, "आरं आरं, मी काय देव हाय का?" असं म्हणत हसली आणि मग पदरात तोंड घालून रडली. सिस्टर आम्हाला गप्प करायला आली आणि तीच हसत उभी राहिली.

तीन आठवड्यांनी तो कामावर परत आला. आल्या आल्या कॅन्टीनमध्ये गेला, मावशीला वाकून नमस्कार केला, आणि ती त्याला म्हणाली, "आधी सांग, इंजेक्सन घेतलंस का?" तेव्हापासून रोज जेवायच्या आधी त्याला हा प्रश्न येतो, आणि उत्तर दिल्याशिवाय ताट मिळत नाही.

ट्रेनर सर पुढच्या वेळी आले तेव्हा मी त्यांना हे सगळं एका दमात सांगितलं. ते ऐकून उठलेच आणि कॅन्टीनमध्ये गेले. मावशीला वाटलं, आता परत माईकवर काहीतरी बोलणार. पण त्यांनी तिला वर्गात बोलावलं आणि म्हणाले, "मावशी, तो वास कसा होता ते या सगळ्यांना तुम्ही सांगा. मी पुस्तकात वाचलाय, तुम्ही घेतलाय." ती आधी लाजली. मग बोलायला लागली ती अर्धा तास थांबली नाही. शेवटी सरांनीच विचारलं, कोर्सला बसणार का. ती म्हणाली, लिवायचं आसंल तर न्हाई, बोलायचं आसंल तर बसते.

तोंडी परीक्षा झाली. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. सरांनी विचारलं, माणूस पडलेला दिसला तर पहिलं काय? "गर्दी हाकलायची." मग? "हाक मारायची. श्वास बगायचा. उटला न्हाई तर कुशीवर, आन् गाडी." आणि हुंगवायला काय द्यायचं? आत बसलेले सगळे तिच्याकडं बघत होते. "काय बी न्हाई," ती म्हणाली, आणि लगेच पुढं, "पर सर, कांदा लई वाईट न्हाई बरं का, जेवताना."

ती पास झाली. आम्ही मुलींनी लाइनवर एवढा आरडाओरडा केला की बझर झालेला कुणाला ऐकू गेला नाही. मोठ्या साहेबांच्या सहीचं सर्टिफिकेट आलं, त्यावर तिचा फोटो होता. सुनेनं ते त्याच दिवशी फ्रेम करून आणलं आणि बाहेरच्या खोलीत लावलं. पुढच्या रविवारी मावशीनं मला आणि वहिनीला जेवायला बोलावलं होतं. आम्ही चपला काढतोय तोवर ती आम्हाला हाताला धरून भिंतीपाशी घेऊन गेली.

"बग, बग! कॅन्टीनची टोपी घालूनच काडलाय फोटू. ती काडायला सांगायची न्हाई का कुनी?"

"छान दिसताय की मावशी," वहिनी म्हणाली.

"छान कसलं! पाव्हनं ईत्यात आन् इचारत्यात, ह्यी नर्सबाई कोन म्हनून," असं म्हणून ती मोठ्यांदा हसली, आणि फ्रेमवरची नसलेली धूळ पदरानं पुसून आम्हाला आत जेवायला घेऊन गेली.